न घासलेला सांधा

"दुसरा रॉड लाव."

ताईच्या तोंडी हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी यायचं. वेल्डिंगचा रॉड मध्येच लोखंडाला चिकटून बसला, की दुसरा रॉड लाव. बस चुकली, छप्पर गळलं, मापात अर्धा इंच चुकून अख्खी चौकट वाया गेली, तरी तेच. एकदा धाकटा भाऊ बायकोशी भांडून तोंड पाडून दुकानात आला, त्यालाही ती सवयीने तेच म्हणाली, आणि ते बायकोच्या कानावर गेल्यावर त्या बाईने दोन दिवस दोघांनाही चहा दिला नाही. म्हणताना ताई कुणाकडे बघायची नाही. डोक्यावरचा काळा मुखवटा मान झटकून डोळ्यांपुढे पाडायची आणि कामाला लागायची. गल्लीला ते इतकं पाठ झालं होतं, की समोरच्या सायकलवाल्याची ट्यूब दुसऱ्यांदा फुस्स झाली, तर तो दुकानातूनच ओरडायचा, "ताई, आता कुठला रॉड लावू?"

"तोंडाला लाव," मुखवट्याआडून उत्तर यायचं.

दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथी बाजू उघडी. आत लोखंडाच्या पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या, कोपऱ्यात रॉडचे पुडे, मधोमध जाडजूड टेबल, त्याच्या काठाला पकड बसवलेली, आणि खिळ्याला टांगलेला ग्राइंडर. हे दुकान त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, उभं केलं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, एवढंच काम. आबांचे डोळे आता अधू झाले होते, रस्त्यापलीकडचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा. पण ते रोज उघड्या बाजूला खुर्ची टाकून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "धाकट्या, रॉड लांब धरलायस. जवळ घे." ते कधी चुकले नाहीत.

ताई चौदा वर्षांची असताना आबांनी तिच्या हातात रॉड दिला. तिला हौस होती म्हणून नव्हे, तर त्या वेळी धाकटा रांगत होता आणि दुकानाला हात कमी पडत होते. लग्नाचं वय आलं आणि गेलं. का केलं नाही विचारणाऱ्याला ती म्हणायची, "दोन्हीकडचं लोखंड सारख्या जातीचं लागतं."

आबांनी पहिल्याच दिवशी तिला एक नियम सांगितला होता: सांधा दिसता कामा नये. दोन पट्ट्या जोडल्या, की जोडावर लोखंडाची जी उंच रेघ उरते, तिच्यावर ग्राइंडरचं चाक फिरवायचं, पृष्ठभाग आरशासारखा करायचा, मग रंग. फाटकावरून हात फिरवला तर पट्टी कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे बोटाला कळू नये. ताईची फाटकं तशीच असायची. गिऱ्हाईक हात फिरवून म्हणायचं, "अखंड वाटतं हो." तेवढ्यावर तिचा आठवडा बरा जायचा.

असंच तिचं आयुष्य गेलं असतं. पण चाळिशी उलटल्यावर एकदा ती इस्पितळाच्या मागच्या बाजूचं फाटक बसवायला गेली. तिथे धुलाईखान्याची वाफेची मोठी नळी फुटली होती आणि बाहेरून आलेला एक वेल्डर ती सांधत होता. नळी भिंतीला चिकटलेली, जागा वीतभर. तो माणूस पाठीवर झोपून, कुशीवर वळून, नळीभोवती साप फिरावा तसा फिरत होता. काम संपल्यावर त्याने काळा पापुद्रा हातोडीने झाडला आणि खालून जो सांधा निघाला, तो बघून ताईच्या हातातला पाना खाली आला. माशाच्या खवल्यांसारखी एकामागून एक सारखी चंद्रकोर, सगळ्या नळीभोवती. त्या माणसाने त्यावर काहीच केलं नाही. तसाच ठेवला आणि सामान गोळा करायला लागला.

"घासणार नाही?" तिने विचारलं.

"घासायला काय झालंय त्याला?"

"मला शिकवाल हे?"

त्याने तिच्याकडे, मग तिच्या फाटकाकडे बघितलं. "बाई, याला कार्ड लागतं. परीक्षा असते. हे फाटकाचं काम नव्हे." वाईट हेतूने म्हणाला असंही नाही. पण ते वाक्य तिला लागलं. घरी येईपर्यंत ती ते मनातल्या मनात चघळत राहिली, आणि पोचल्यावर धाकट्याला म्हणाली, "मला ते कार्ड पाहिजे."

"कशाला? फाटकाला कार्ड कोण विचारतं?"

"म्हणूनच."

चार वर्षं तिने दुकान सांभाळून सराव केला. भंगारातून नळ्यांचे तुकडे आणायचे, दोन तुकडे तिरके पकडून ठेवायचे आणि त्यांना न हलवता आपण त्यांच्याभोवती फिरायचं. परीक्षा तशीच असते: नळी तिरकी, जागच्या जागी पक्की. वर, बाजूला, खाली, जिथे सांधा जाईल तिथे वेल्डरने जायचं. नंतर तपासनीस सांधा डोळ्यांनी बघतो, मग त्यातून पट्ट्या कापून यंत्रात घालून वाकवतो. पट्टी तडकली तर नापास. परीक्षा वर्षातून एकदाच. आणि पन्नास पूर्ण झालेल्याला नवीन कार्ड देत नाहीत. सेहेचाळीस पूर्ण झाल्यावर ताई पहिल्यांदा बसली.

पहिल्या वर्षी नळीच्या खालच्या अंगाला आत लोखंड नीट उतरलं नाही. तपासनीसाने बॅटरी लावून आत बघितलं आणि मान हलवली. "दुसरा रॉड लाव," ताई स्वतःला म्हणाली आणि वर्षभर नळीची खालचीच बाजू घोटून गिरवली.

दुसऱ्या वर्षी दिसायला सगळं ठीक होतं, पण तिसरी पट्टी वाकवताना कट्ट असा आवाज झाला आणि मधोमध केसाएवढी फट पडली. रॉडना ओल लागली होती. फाटकाचे रॉड कोपऱ्यात कसेही पडलेले चालतात, या कामाचे रॉड भट्टीत गरम ठेवावे लागतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती तासभर खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर जुन्या पेटीत दिव्याचा गोळा बसवून तिने रॉडसाठी भट्टी केली. वैतागली होती, पण वैतागून हातानेच काहीतरी करायचं, ही तिची पद्धत होती.

तिसऱ्या वर्षी मात्र ती तयार होती. इतकी तयार, की सायकलवाल्यानेही त्या सकाळी थट्टा केली नाही, नुसता हात वर केला.

परीक्षेची शेड लांबच लांब होती आणि पडदे लावून तिचे कप्पे पाडले होते. प्रत्येक कप्प्यात एक नळी, एक यंत्र, मधले थर साफ करायला खिळ्याला एक ग्राइंडर, आणि भिंतीवर अकरा नियमांचा कागद. ताईने तो कागद आदल्या दोन वर्षी वाचला होता, तिसऱ्यांदाही वाचला. मग मुखवटा खाली पाडला आणि चार तास तिला जगाची शुद्ध नव्हती. वाकली, गुडघ्यावर आली, पाठीवर झोपली, ठिणग्या कॉलरमधून आत गेल्या तरी हात हलला नाही. चष्म्याचं जाड भिंग तिने मुखवट्याच्या आतच चिकटवलं होतं, त्यातून वितळलेल्या लोखंडाचं डबकं वाटाण्याएवढं दिसत होतं आणि ती ते पुढे पुढे नेत होती, एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल. शेवटचा थर संपला. तिने हातोडीने पापुद्रा झाडला, तारेच्या ब्रशने पुसलं.

खवले निघाले. सगळ्या नळीभोवती, एकासारखा एक. इस्पितळातल्या त्या माणसाच्या सांध्याइतकेच नेटके, कदाचित त्याहून बारीक. असा सांधा तिच्या हातून आजवर उतरला नव्हता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि आधीच्या दोन वर्षी वाटलं नव्हतं ते या वेळी तिला वाटलं, झालं. काम झालं.

काम झालं की जे करायचं असतं, ते तिच्या हाताने केलं. खिळ्यावरचा ग्राइंडर काढला आणि चाक फिरवलं.

तपासनीस पलीकडच्या कप्प्यात होता. तो परत आला तेव्हा ताई चाक बंद करत होती. हा उंच, शांत माणूस होता, तिन्ही वर्षं तोच. त्याने नळीवर बॅटरी धरली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नळीला एक फेरी मारली.

"बाई, सांधा कुठं आहे?"

"दिसत नाही ना?" ताई म्हणाली. चौतीस वर्षांचा अभिमान होता त्या आवाजात.

त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं, नवव्या नियमाकडे. शेवटच्या थराला घासकाम करू नये, केल्यास तुकडा बाद. ग्राइंडरचं चाक अजून तिच्या हातात घरघरत होतं. ते थांबायला जितका वेळ लागला, तितकाच तिला कळायला लागला. तिने तो नियम तीनदा वाचला होता. पण वाचला होता डोळ्यांनी. हातांना कुठे वाचता येतं?

"साहेब, आतून बघा. पट्ट्या वाकवून बघा. तडकली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"बाद तुकड्याच्या पट्ट्या काढत नाहीत."

"पण चांगला आला होता! तुम्ही पाच मिनिटं आधी आला असता तर—"

"मी नव्हतो ना आलो." तो खरंच हळहळला होता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. "मला तुमचा हात तपासायचा होता, बाई. तो तुम्ही पुसून टाकलात. आता मी काय तपासू? ही नळी घेऊन जा हवी तर. एरवी भंगारातच जाईल."

ताई ती नळी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "काय आहे हो?" ताई म्हणाली, "माझं डोकं."

दुकानात शिरताना धाकट्याने तोंडाकडे बघितलं. "झालं?"

"झालं."

"पास?"

"घासलं."

त्याला एका शब्दात कळलं, कारण त्यानेही तेच केलं असतं. आणि कळल्याबरोबर तो हसला. वाईट नव्हतं त्याच्या मनात, पण हसू फुटलं ते फुटलं, टेबलाला धरून हसला. "अगं, मी पण घासलंच असतं! सगळ्या खानदानाने घासलं असतं!" मग बहिणीचा चेहरा बघून सावरला आणि समजूत काढावी म्हणून म्हणाला, "जाऊ दे ताई. दुसरा रॉड लाव."

ताईने हातातली हातोडी पत्र्यावर भिरकावली. पत्रा इतका दणाणला की सायकलवाला धावत बाहेर आला.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "मला सांगायचं नाही."

खुर्चीत डुलकी लागलेल्या आबांनी दचकून विचारलं, "काय पडलं रे?"

"काही नाही आबा. हातोडी."

नापास झाली हे आबांना कळलं होतं, पण का, ते तिने सांगितलं नाही. काय सांगणार? तुम्ही शिकवलेलं नीट शिकले म्हणून नापास झाले?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तिने त्या नळीला करवत लावली. धाकटा विचारत होता, ती मापं घेत होती. चार पट्ट्या कापल्या. मग जाड लोखंडाचे दोन तुकडे अंतरावर ठेवून, वर पट्टी आडवी टाकून, मोटारीचा जॅक उलटा लावून ती दाबायला लागली. धाकटा शेवटी मदतीला आला. पट्टी हळूहळू वाकली, अर्धवर्तुळ झाली, दोन्ही टोकं समांतर आली. कट्ट झालं नाही. दुसरी वाकवली, तिसरी, चौथी. बाहेरच्या फुगवट्यावर ताईने नख फिरवलं, भिंग लावून बघितलं. कुठे केसाएवढी फट नव्हती.

"पास!" धाकटा ओरडला.

"कोण म्हणतं? तू?"

"लोखंड म्हणतंय की."

"लोखंडाच्या सहीचं कार्ड मिळत नाही."

तडकली असती तर तिला बरं वाटलं असतं. रडली असती, चिडली असती आणि विसरली असती. आता तिला माहीत झालं होतं की तिला येतं, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. यासारखा वैताग नाही. धाकट्याने एक वाकलेली पट्टी खिळ्याला अडकवली. ताईने ती काढून भंगाराच्या पिंपात टाकली. त्याने पुन्हा काढून अडकवली. तीनदा असं झालं, मग ती कंटाळली.

त्यानंतर तिने ते वाक्य म्हणणं सोडलं. रॉड चिकटायचा, ती मुकाट्याने तोडून दुसरा लावायची. गल्लीला चुकल्यासारखं झालं. सायकलवाला दोनदा मुद्दाम ओरडला, उत्तर आलं नाही, तोही थांबला. पुढच्या परीक्षेला ती एकोणपन्नास पूर्ण असणार होती. त्याच्या पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधीच पन्नास. म्हणजे उरली होती एक.

सांधा येत होता, त्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता हाताचा. ती सरावाची नळी संपवायची आणि हात आपोआप खिळ्याकडे जायचा. ग्राइंडर धाकट्याकडे ठेवला, तर हात रिकाम्या खिळ्यापर्यंत जाऊन यायचा. तिने स्वतःच्या मनगटावर फटका मारून बघितला. डोळे मिटून बघितले. शेवटी तिने ठरवलं, आता फाटकांनाही घासायचं नाही. सवय मोडायची तर मुळातून मोडायची.

पहिलं फाटक डॉक्टरीणबाईंचं निघालं. दवाखान्याचं, दोन झडपांचं, मोठं. त्या बघायला आल्या आणि चष्मा नाकावर घेऊन वाकल्या.

"हे अर्धवट राहिलंय वाटतं?"

"पूर्ण आहे," ताई म्हणाली.

"मग हे जागोजागी गोम चिकटल्यासारखं काय आहे?"

"सांधा आहे तो."

"अहो, पण दिसतोय!"

"आहे म्हणून दिसतोय."

धाकट्याने मध्ये उडी घेतली. "घासायचं राहिलंय डॉक्टर, ताई गंमत करते. परवा घेऊन जा." त्या गेल्यावर तो बहिणीवर उखडला. "परीक्षा तू दे. माझी गिऱ्हाइकं कशाला नापास करतेस?"

"तुझी गिऱ्हाइकं? दुकान तुझं एकट्याचं कधी झालं?"

"मग घास ना!"

"मी नाही घासणार."

"मग मी पण नाही घासत. बघू किती दिवस राहतं ते."

फाटक उघड्या बाजूला, आबांच्या खुर्चीशेजारी, दोन दिवस तसंच उभं राहिलं. बहीण-भाऊ एकमेकांना पाना मागतानासुद्धा "ते दे" एवढंच म्हणत.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा माल आणायला गेला होता. ताई टेबलाशी डबा उघडून बसली होती, जेवत नव्हती. तिला दिसलं, आबांचा हात फाटकाच्या पट्टीवरून चाललाय. रोजची सवय, बोटं गुळगुळीत शोधत चाललेली. सांध्यापाशी येऊन ती थांबली. आबांनी मान वळवली, अंगठा त्या जागी टेकवला आणि हळूहळू पुढे सरकवला. एक एक खवला मोजत असावेत. परत मागे आणला, पुन्हा पुढे नेला.

"हे कुणाचं?"

"माझं. घासायचं राहिलंय." भांडायची ताकद नव्हती तिच्यात.

"कोण म्हणतं राहिलंय?" आबांचा अंगठा थांबला नव्हता. "सारखा आहे. सगळीकडे एका चालीचा." त्यांनी अंगठा पुन्हा पहिल्या खवल्यावर नेला. मग म्हणाले, "माझा असा कधी आला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माझा मेणबत्ती ओघळल्यासारखा यायचा. आत पक्का, पण वरून बघवायचा नाही. मला शिकवलं कुणी होतं? गिऱ्हाईक यायच्या आत घासून टाकायचो."

ताईने डब्याचं झाकण खाली ठेवलं. "आबा, तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, सांधा दिसता कामा नये."

"माझा दिसता कामा नये, असं म्हणालो असेन."

"नाही. सांधा दिसता कामा नये, असं म्हणालात. पहिल्या दिवशी. इथेच."

"असेल. तेव्हा तुझा तरी कुठं बघण्यासारखा होता?"

ताई उठून उभी राहिली. हसावं की रडावं हे कळत नव्हतं, आणि दोन्हीपैकी काहीच येत नव्हतं. "चौतीस वर्षं, आबा! चौतीस वर्षं मी चांगलं लोखंड घासून धूळ केली! अहो, परीक्षेत घासलं मी. म्हणून नापास झाले. चांगला आला होता, असाच, आणि मी तो स्वतःच्या हाताने पुसला!"

आबांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांचा चेहरा फाटकाकडेच होता. ते चुकलं म्हणतील, वाईट वाटलं म्हणतील, निदान तिचं नाव घेतील, असं तिला वाटलं. ती वाट बघत उभी राहिली.

"हा मात्र घासू नको," एवढंच ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चहा सांग."

चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. डॉक्टरीणबाईंचं फाटक शेवटी धाकट्याने घासलं, कारण दवाखान्याला फाटक हवं होतं, गोम नको होती. ताई त्या वेळी पाठ करून उभी राहिली. चाकाचा आवाज तिच्या दातांतून जात होता. फक्त मागची, भिंतीकडे जाणारी बाजू त्याने तशीच सोडली आणि तिच्यावर नुसता रंग मारला. हे त्याने ताईला सांगितलं नाही. फाटक बसवताना तिला ते सापडलं. त्या दिवशी पाना मागताना तिने त्याला पुन्हा "धाकट्या" म्हटलं.

बाकीचे महिने मात्र तसेच गेले, चिडचिडीचे. हात कधी खिळ्याकडे जायचा, कधी नाही. आठ दिवस जायचा नाही, तिला वाटायचं सुटली सवय, आणि नवव्या दिवशी चाक फिरत असायचं. एकदा तिने अर्धी नळी घासल्यावर कळून ग्राइंडर भिंतीवर आपटला, तर त्याची मूठ तुटली आणि ती मूठ वेल्डिंगने जोडण्यासारखी नव्हती, प्लास्टिकची होती. तिने ती चिकटपट्टीने बांधली. भिंगाचा नंबर वाढला. खांदा धरायला लागला. रात्री हाताला कापूर चोळताना ती मनात म्हणायची, कशाला हा आटापिटा, फाटकं बरी आहेत. आणि सकाळी दुकान उघडलं की आबा खुर्चीत बसायच्या आधी नळी पकडीत लावायची.

चौथ्या परीक्षेच्या सकाळी ती लवकर निघाली. पिशवी धाकट्याने आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. उंबऱ्यावर तिने ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. जड लागली. आत हात घातला. मुखवटा, हातमोजे, हातोडी, ब्रश, आणि तळाशी, चिकटपट्टीची मूठ असलेला ग्राइंडर.

"हे कुणी भरलं?"

धाकट्याने जीभ चावली. "मीच. सगळं सामान भरताना... सवयीने ग."

ती त्याच्याकडे इतकं बघत राहिली की तो दोन पावलं मागे सरला. मग तिने ग्राइंडर काढला, खुर्चीपाशी गेली आणि आबांच्या मांडीवर ठेवला. "धरा. संध्याकाळपर्यंत सोडायचा नाही."

"जड आहे."

"मी पस्तीस वर्षं धरलाय."

आबांनी दोन्ही हात त्यावर ठेवले. धाकटा कुरकुरला, "अगं, मला जाळीचं काम आहे आज, ग्राइंडर लागेल."

"नाही मिळणार," आबा म्हणाले.

ताईने पिशवी खांद्याला लावली, दुखऱ्या खांद्याला लावली म्हणून चिडली, बदलली, आणि रस्त्याला लागली. तिच्या तोंडावर उमेद वगैरे काही नव्हती. कुणाशी तरी भांडायला निघालेल्या बाईसारखी ती चालत होती. सायकलवाला चाकावर वाकलेला होता. त्याने मान वर केली, वर्षभर गिळलेला प्रश्न तोंडात फिरवला, आणि राहवलंच नाही.

"ताई, आता कुठला रॉड?"

ती थांबली नाही. वळलीही नाही.

"दुसरा," ती म्हणाली.

सायकलवाला हातात पंप धरून उभा राहिला. धाकटा दारात, कमरेवर हात ठेवून, बहीण वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. आबांना ती विजेच्या खांबापर्यंतच दिसली, त्यापुढे नुसता रस्ता. तरी त्यांनी तोंड तिकडेच ठेवलं. पिशवीत हातोडी मुखवट्यावर आपटल्याचा टक टक आवाज येत होता, तो येत होता तोवर त्यांचा अंगठा मांडीवरच्या थंड चाकावर हळूहळू फिरत राहिला.